पाच मिनिटं मागे पडणारं घड्याळ

एका बंदरात एक नाखवा राहत होता. उमेदीच्या काळात तो घरात कमी आणि गलबतावर जास्त असायचा. आता बायको देवाघरी गेली होती, लेक दूरदेशी कायमचा राहिला होता, आणि टेकडीवरच्या मोठ्या घरात नाखवा एकटाच उरला होता. बोलायला कुणी नाही म्हणून तो कधी कधी पाण्याच्या माठाशी बोलायचा. माठ बिचारा ऐकून घ्यायचा.

नाखव्याच्या मनगटावर वडिलांचं सोन्याचं घड्याळ होतं. आतलं मशीन कुणा जुन्या कारागिराने हाताने घडवलेलं, बघत राहावं असं. पण त्याचे लाड फार! रोज सकाळी किल्ली द्यावी लागे, आणि एवढं करूनही ते दिवसाला पाच मिनिटं मागे पडे. म्हणून नाखवा रोज छत्री घेऊन टेकडी उतरायचा आणि धक्क्यावरच्या घंटाघरात जायचा.

तिथला घंटेवालाही एकटाच जीव. झरोक्यातून येणारी उन्हाची तिरीप फरशीवरच्या पितळी पट्टीला टेकली, की तो दुपारची घंटा वाजवायचा. नाखवा घड्याळ लावायचा. मग दोघं पायरीवर बसून गूळ-शेंगदाणे खायचे आणि गावातल्या झाडून सगळ्यांना नावं ठेवायचे. आभाळ भरलेलं असलं, की घंटेवाला डोकं खाजवत विचारायचा, "नाखवा, तुमच्या घड्याळात किती झाले?"

"अरे, ते तुझ्याच घंटेवर लावलेलं आहे!" नाखवा म्हणायचा, आणि दोघं पोट धरून हसायचे.

पुढे बाजारपेठेत एका नामांकित घड्याळजीने दुकान थाटलं. नाखव्याचं घड्याळ उघडून तो म्हणाला, "मशीन देखणं आहे, पण जुनं झालं. माझ्याकडे नवं आहे. त्याला किल्ली द्यावी लागत नाही. आत एक वजन असतं. हात हलला की ते फिरतं, आणि किल्ली आपोआप दिली जाते. महिन्याकाठी एखाद्या मिनिटाचा फरक पडला तर पडला. कुणाला वेळ विचारायला नको!"

नाखवा घुटमळला. रोज सकाळी किल्ली देणारी वडिलांची बोटं त्याला आठवली. पण गुडघे कुरकुरत होते, आणि कुणाला काही विचारावं लागू नये, ही गोष्ट त्याला फार मानाची वाटली.

"बसवा नवं," तो म्हणाला. "जुनं राहू द्या तुमच्याकडेच."

पहिले काही दिवस मजेत गेले. खालून घंटा ऐकू आली, की नाखवा मनगट बघायचा. बरोब्बर बारा! "आता खाली कशाला जायचं?" तो माठाला म्हणायचा.

घंटेवाल्याची आठवण त्याला येत नव्हती असं नाही. रोज यायची. पण काम नसताना जायचं म्हणजे काय सांगून जायचं? तो काय म्हणेल? अशाने छत्री खुंटीवरच राहिली. हळूहळू नाखवा अंगणातही जाईना. खुर्ची, खिडकी आणि समोर समुद्र. घर खायला उठायचं, आणि तो खुर्चीतून उठायचा नाही.

एके दिवशी घड्याळ बंद पडलं. नाखवा चिडला. घंटेवर लावू म्हणून कान देऊन बसला. ऊन अंगणात आलं, पायरीवर चढलं, भिंतीकडे सरकलं. घंटा काही वाजली नाही. काल तरी वाजली होती का? परवा? त्याला आठवेना.

तो छत्री न घेताच टेकडी उतरला. घंटाघरात घंटेवाला बाजेवर पडला होता.

"सहा दिवस झाले, नाखवा. उजवा हात उचलवतच नाही. शेजारची कोळीण पेज आणून देते. घंटा बंद आहे हे तिच्याशिवाय कुणाला कळलंसुद्धा नाही. सगळ्यांकडे चांगली घड्याळं आहेत ना आता." मग तो म्हणाला, "तुमच्या वाटणीचे शेंगदाणे डब्यात आहेत. सादळले असतील."

नाखव्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "घड्याळ बरोबर चालायला लागलं रे. मग यायला निमित्तच उरलं नाही."

"मी तरी कुठे वर आलो?" घंटेवाला म्हणाला. "म्हटलं, काम नसताना मोठ्या माणसाच्या दारात कसं जायचं?"

दोघांनी सादळलेले शेंगदाणे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी घंटेवाल्याची बाज पितळी पट्टीजवळ ओढली गेली. तो उन्हाकडे बघत म्हणत होता, "अजून नाही... अजून नाही... ओढा!" आणि नाखव्याने दोर ओढला.

मग तो घड्याळजीकडे गेला. घड्याळजीने घड्याळ तपासलं. "बिघाड काहीच नाही. हात हलला नाही, तर हे थांबणारच. तुम्ही दोन-तीन दिवस जागचे हलला नव्हता वाटतं?"

नाखव्याने मान खाली घातली. "जुनं मशीन आहे अजून?"

"आहे की. पुसून, तेल घालून ठेवलंय. आत्ता बसवतो. आणि ते पाच मिनिटं मागे पडणंही काढून टाकतो."

"नको, नको," नाखवा घाईघाईने म्हणाला. "तेवढं राहू द्या."

तात्पर्य: जी अडचण आपल्याला रोज कुणाच्या तरी दारापर्यंत नेते, ती दूर करण्याआधी दहादा विचार करावा, आणि दूर झालीच, तर काम नसतानाही जावं.