टॉवेलांतली हवा

बोली जिंकली खरी, पण माल आणायचं भाडं कसं झेपणार, या काळजीनं हेमांगीला झोप लागली नव्हती. तिचे वडील, आप्पा, जन्मभर सोलापूरच्या ज्या कारखान्यात टॉवेल विणत होते तो बंद पडला आणि उरलेला माल ऑनलाइन लिलावात निघाला. नुसतं बघते म्हणता म्हणता तिनं अमरावतीत बसून अख्खा गठ्ठा घेऊन टाकला. आप्पा जाऊन दोन वर्षं झाली होती; त्यांच्या मागावरचं कापड एकदा हाताला लागावं, एवढंच मनात होतं. एवढी शिकलेली बाई, पण भाडं बघायचंच विसरली!

सकाळी तिनं ट्रान्सपोर्टवाल्या दिगंबरशेठना व्हिडिओ कॉल लावला.

"शेठ, माल साठ किलो आणि भाडं दोनशे किलोचं?"

"ताई, टॉवेल फुगतात. आम्ही जागेचं भाडं घेतो. शिकलेल्या दिसता, नियम वाचत चला!"

"म्हणजे कापड साठ किलो आणि बाकी हवा?"

"हवाच म्हणा की!"

"मग मी कापड घेतलंय, हवा नाही. ती तुमच्या गोदामातच उतरवून घ्या. गठ्ठ्यावर दोन हमाल बसवा, दोरीनं आवळा आणि माझ्यासमोर पुन्हा माप घ्या."

मागचे हमाल खो खो हसले. नियम शेठचाच, त्यामुळे गठ्ठा आवळून पुन्हा टेप लावावीच लागली. भाडं निम्म्यावर आलं.

"हवा परत करणारं गिऱ्हाईक पहिलंच बघितलं," शेठ पुटपुटले.

हेमांगीनं हसत फोन ठेवला. मांडीवरची चार वर्षांची कावेरी मात्र रडवेली झाली होती.

"आई, ती हवा आप्पाआजोबांकडची होती ना? मग ती का नाही मागवलीस?"