कोठाराची वाट

माणसानं नुकते पाट खणले होते, तेव्हाची गोष्ट. बांधावरच्या मुंग्यांनी जुन्यासारखंच नवं वारूळ बांधलं. अर्ध्या पुढे नव्यात राहायला गेल्या, अर्ध्या मागे जुन्यातच राहिल्या, आणि दोन्हीकडे आपापल्या परीनं वाटा बदलत गेल्या. पुढे सगळ्या नव्या वारुळात एकत्र आल्या, तेव्हा कोठाराची वाट कुणासारखी ठेवायची यावरून जुंपली.

"आम्ही ती उंच चढवलीय!" पुढे गेलेली ठकी म्हणाली.

"आम्ही तिला अरुंद वळण दिलंय!" मागे राहिलेली गोदी फणकारली.

मुकादमीण सरूमावशीनं सकाळपासून अशा चार भांडणांत दर वेळी काही न विचारता एकीची वाट सरळ बुजवून टाकली होती. या दोघी मात्र हटेनात. शेवटी तिनं विचारलं, "पण का गं बदललीत?"

"पाणी शिरायचं," ठकी म्हणाली.

"मुंगळे शिरायचे," गोदी म्हणाली.

"मग चढवा आणि वळवाही!"

चौथ्या दिवशी पाट फुटला. पाणी चढणीखालीच थांबलं. धान्य लुटायला आलेले मुंगळे वळणात अडकले. दाणा न दाणा वाचला!

सगळ्या नाचत सुटल्या. सरूमावशी मात्र त्या चार बुजवलेल्या वाटा उकरायला निघाली होती.