थोरलीचं तेल, धाकटीचा शेक

एका कुंभाराच्या घरात दोन जावा नांदत होत्या. थोरली हौसा, धाकटी केसर. हौसा दिवसभर पायांनी माती तुडवी, म्हणून तिचे गुडघे ठणकत. सासू रोज तिला कापूर-मिरचीचं जहाल तेल चोळून देई. केसरचं लेकरू अंगावर पीत होतं. त्याला घेऊन घेऊन तिचा खांदा धरला होता. तिला मात्र सासू गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकी.

झालं! केसरच्या खांद्यापेक्षा पोटातच जास्त दुखू लागलं.

"थोरलीला वासाचं तेल आणि मला मीठ? मी काय सावत्र आहे?"

"अगं, पाजणारीला ते तेल चालत नाही," सासू म्हणाली. पण जळणाऱ्याला कुणाचं खरं वाटतं? ही तेल थोरलीसाठी राखते, असंच केसरने धरलं.

एके दिवशी सारे भट्टी लावायला गेले. केसरने कोनाड्यातली बाटली काढली आणि खांद्यापासून छातीपर्यंत तेल चोपडलं. जिवाला कसं बरं वाटलं! तेवढ्यात बाळ रडलं. हात पदराला पुसून तिने त्याला पाजायला घेतलं.

बाळाने तोंड लावलं आणि किंकाळी फोडली. ओठ लालबुंद झाले. काही केल्या ते पिईना. रडणं ऐकून हौसा धावत आली, तशी केसर तिच्यावरच उसळली, "तुमचीच दृष्ट लागली माझ्या लेकराला!" आणि मीठ-मिरच्या घेऊन ओवाळू लागली. मिरचीने पोळलेल्याची दृष्ट मिरचीने काढायची, काय म्हणावं!

हौसाने बाळाला उचललं. त्याच्या गालाला तिच्याच गुडघ्यांचा वास येत होता. तिने ओल्या फडक्याने त्याचं तोंड हलकेच पुसलं.

"केसर, आधी साबणाने छाती धू, हात धू. मग वैद्यांना दाखवून येऊ."

केसरने छाती, हात स्वच्छ धुतले. वैद्यांनी बाळाला तपासून तिला धीर दिला, मग ते पुन्हा प्यायला लागलं. केसरच्या डोळ्यांना धार लागली.

"जाऊबाई, मला तुमच्या तेलाचा हेवा वाटला हो."

"आणि मला तुझ्या शेकाचा," हौसा म्हणाली. "मला तेल चोळलं की सासूबाई उठतात. तुझ्यापाशी मात्र पुरचुंडी निवेपर्यंत बसतात."

 त्या संध्याकाळी केसरने स्वतः मीठ तापवलं आणि जावेचे गुडघे शेकत बसली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या औषधाचा हेवा करू नये. पाजत्या आईने दुखण्यावरचं तेल वा मलम जाणत्याला विचारूनच लावावं, छातीला कधीच लावू नये, आणि हात धुतल्याशिवाय लेकराला घेऊ नये.