शेंड्यावरची न्याहारी

फार पूर्वी, वानरांनाही हुद्द्याची हौस होती तेव्हाची ही गोष्ट. एका टोळीने लांबोजी नावाच्या चपळ वानराला पहारेकरी नेमलं. उंच ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसायचं आणि बिबट्या दिसला की ओरडायचं, एवढंच काम.

आता एवढ्या मोठ्या हुद्देदाराने खाण्यासाठी वणवण कशाला करायची? टोळी त्याला फळं जागेवर आणून देऊ लागली. लांबोजी खाई, डुलकी काढी, उठून पुन्हा खाई. पोट सुटलं. शेंडा करकरायला लागला तसा तो मधल्या फांदीवर आला. तिथवर चढतानाही धाप लागू लागली, तेव्हा खालच्या बेचक्यातच टेकला.

"जागा बदलली, हुद्दा तोच आहे," तो ऐटीत म्हणायचा. बेचक्यातून दिसायचं फक्त समोरचं गवत.

एका दुपारी ते गवत हललं. बिबट्या! लांबोजी ओरडायला गेला, पण तोंडात उंबरं कोंबलेली. बिबट्याच्या पंजात शेपटीचं टोक तुटलं, तेव्हा कुठे किंकाळी फुटली आणि टोळी कशीबशी झाडांवर पळाली.

"मावशी, एक दिवसही झाड सोडून हललो नाही हो मी!" तो म्हाताऱ्या चिंचीमावशीपुढे कण्हला.

"तेच तर झालं," मावशी म्हणाली. "आमचंही चुकलंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेचक्यात एकही उंबर नव्हतं. शेंड्यावरून मावशीची हाक आली,

"पहारेकरीसाहेब, तुमची कचेरी इथे आहे. न्याहारीही इथेच ठेवलीय. सावकाश या, पण या!"