अठराव्या दिवसाचा कप्पा

एका गावात एक प्रोग्रामर राहत होता. त्याचं नाव दिगंबर. शाळेपासून त्याला एक खोड होती. रिकामी जागा त्याला बघवत नसे. उत्तर येत नसलं तरी तो काहीबाही लिहून यायचा आणि वर सांगायचा, "कोरं सोडलं नाही." मास्तरांनी दोन-चारदा त्याला मार्कही दिले. पोरगं बिघडलं ते तिथंच.

त्याच गावात द्रुपदामावशी अंडी उबवून पिल्लं विकायची. आजवर हे काम तिच्या कोंबड्या करत. आता तिला यंत्र हवं होतं, एका वेळी सहाशे अंडी बसतील असं. दिगंबरनं पेटी बनवली आणि पेटीचा मेंदू, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, सी भाषेत लिहायला घेतला.

अंडं एकवीस दिवसांनी फुटतं. म्हणून त्यानं प्रोग्राममध्ये एकवीस कप्पे केले, दिवसाला एक. कप्प्यात काम नसतं, कामाचा पत्ता असतो. दिवस उजाडला की यंत्र त्या पत्त्यावर जातं आणि तिथं सांगितलेलं काम करतं. सी भाषेत अशा पत्त्याला फंक्शन पॉइंटर म्हणतात. कप्पा करतानाच सांगावं लागतं, यात कोणत्या तऱ्हेच्या कामाचा पत्ता बसेल. दिगंबरनं सांगितलं होतं, ज्या कामाला सोबत आकडा द्यावा लागत नाही, तेच काम इथं बसेल. आणि जे काम अजून लिहिलंच नाही, त्याच्या कप्प्यात लिहायचं नल. नल म्हणजे शून्य. इथं कुणी राहत नाही, हाक मारू नका.

सतरा दिवस ट्रे कलते करायचे, ते त्याला जमलं. शेवटचे तीन दिवस नुसती ऊब राखायची, तेही जमलं. अठराव्या दिवशी मात्र ट्रे थांबवून आतला ओलावा वाढवायचा असतो. ते काही केल्या जमेना. नल लिहायला त्याचा हात उठेना. आपल्या प्रोग्रामात भोक दिसलं तर लोक काय म्हणतील?

त्याच्याकडे चाचणीसाठी लिहिलेलं एक काम पडून होतं. सांगाल तितके अंश गरमी वाढवायची, हे ते काम. त्याला सोबत आकडा द्यावा लागे. दिगंबरनं त्याचाच पत्ता अठराव्या कप्प्यात कोंबला. प्रोग्राम तपासणारा कंपायलर कुरकुरला. हे काम या कप्प्याच्या तऱ्हेचं नाही, म्हणाला. मग दिगंबरनं कास्ट केलं. म्हणजे कंपायलरला दरडावलं, मी सांगतो म्हणून हे त्याच तऱ्हेचं समज. कंपायलर गप्प बसला. गप्प बसला म्हणजे पटलं, असं दिगंबरनं धरलं.

"अठराव्याचं झालं का रं?" मावशीनं विचारलं.

"झालं की."

मावशीनं सहाशे अंडी लावली. वर्षभराची तिची सगळी भिस्त त्या पेटीवर होती.

दहाव्या दिवशी मावशी बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं धरून बघत बसली. दिगंबर ट्रे उचलून देत होता. ज्यात जीव धरला होता ते अंडं ती परत ठेवायची. ज्यात नव्हता त्याच्यावर कोळशानं ठळक शून्य काढायची आणि पाटीत टाकायची.

"फुकट गेलेल्यावर कशाला लिहीत बसता, मावशी?"

"रिकामं हाय म्हणून लिहिलं की कुणी फसत नाही. न लिहिता तसंच ठेवलं तर आतल्या आत नासतं, फुटतं, आणि शेजारची धा घेऊन जातं. रिकामं असणं हा काय गुन्हा न्हाई, लेकरा. भरलेलं म्हणून मिरवणं हा गुन्हा."

दिगंबरनं हातातला ट्रे खाली ठेवला. तो हळूच म्हणाला, "आणि एखादं बदकाचं अंडं आलं, त्यावर कोंबडीचं म्हणून लिहिलं तर?"

"तर काय, एकविसाव्या दिवशी कोंबडी निघंल व्हय त्यातनं? अंडं काय वाचायला शिकलंय?"

दिगंबर खाली बसला. मान न उचलता त्यानं सगळं सांगून टाकलं. मग चाचणीची एक मोकळी पेटी आणली आणि मावशीसमोर तिला थेट अठराव्या दिवसावर नेलं. यंत्र पत्त्यावर गेलं. त्या कामाला आकडा हवा होता, तो कुणी दिलाच नव्हता. त्यानं हाताला लागला तो कचरा आकडा म्हणून उचलला. काटा चाळीसवर गेला, पन्नासवर गेला, थांबेना. दिगंबरनं वायर उपटली.

"पिल्लं नव्हं, रस्सा केला असतास माझा," मावशी म्हणाली. "आता काय करशील ते कर. पण खरं कर."

त्यानं अठराव्या कप्प्यात नल लिहिलं. पण नुसतं शून्य लिहून भागत नाही. न बघता शून्यावर गेलं तर प्रोग्राम कोसळतो आणि यंत्र जागच्या जागी बंद पडतं. म्हणून त्यानं यंत्राला बजावलं, कुठल्याही कप्प्याच्या पत्त्यावर जाण्याआधी बघ. नल असेल तर जाऊ नकोस, ऊब तेवढी राख आणि घंटा वाजव. नवा प्रोग्राम पेटीत घालायला घटकाभर यंत्र थांबवावं लागलं. मावशी म्हणाली, "थांबू दे. कोंबडीबी दाणं टिपायला उठतीच की."

अठराव्या दिवशी सकाळी घंटा वाजली. ट्रे जागेवर थांबले होते. मावशी हातातलं काम टाकून आली. तिनं पेटीच्या तळाशी पाण्याची परात ठेवली, ओलं गोणपाट अंथरलं आणि दार लावलं. एकविसाव्या दिवशी पेटीतून असा चिवचिवाट उठला की शेजारीण विचारायला आली.

पुढं दुसऱ्या गावच्या बाया यंत्र बघायला आल्या. एकीनं विचारलं, "यात काही खोट?"

दिगंबर कोपऱ्यात उभा होता. त्याचे कान तापले.

"हाय," मावशी म्हणाली. "अठराव्या दिवशी ह्याला काय येत न्हाई." मग तिनं दिगंबरकडे बघितलं. "पण न्हाई येत म्हणून हाक मारतंय. आतापर्यंत एवढं कुणी केलंय? घ्या बिनघोर."

तात्पर्य: जे आपल्याकडे नाही तिथं धीटपणे शून्य लिहावं आणि पाऊल टाकण्याआधी ते बघावं; भलत्याला दुसऱ्याचं नाव देऊन तपासणाऱ्याचं तोंड बंद करता येतं, पण काम होत नाही.