ओंबीखालचं पान

"म्हणजे सर, दोन्ही मिळणारच नाही का?"

सुलक्षणा आहेरने विचारलं, तेव्हा दोघं बांधावर उभे होते. फाल्गुनातली सकाळ. गोदाकाठच्या त्या गहू संशोधन केंद्रात ओंब्या पिकत आल्या होत्या.

निवृत्त होऊन गुळवेसरांना बरीच वर्षं झाली होती. गव्हाचा संकर कसा करायचा, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. आज तिच्यासाठी काठी टेकत आले होते.

"एका वाणाचा एकरी उतारा मोठा, पण दाण्यात प्रथिनं कमी," ती म्हणाली. "दुसऱ्यात प्रथिनं भरपूर, पण पोती भरत नाहीत. दोघांचा संकर केला, तरी तेच. उतारा चढला की प्रथिनं उतरतात. उमेदीची वर्षं गेली यात, सर. आता उताऱ्याचंच वाण पुढे पाठवते. संकराच्या बाकीच्या ओळींवर उद्या नांगर."

"हं..."

सर लांब कुठेतरी बघत होते.

"आई बन्सी गव्हाची पोळी द्यायची डब्यात. एकच. पण संध्याकाळपर्यंत भूक आठवायची नाही." ते हसले. "पण तो पिकायचा थोडा, आषाढात कणगी रिकामी. मग गहू थेट दिवाळीला, तोही विकतचा."

"गेले ते दिवस, सर."

"गेले..."

ते वाफ्यात उतरले. सुलक्षणा पुढे झाली.

"ही माझी लाडकी ओळ. ओंब्या पिकल्या, तरी पानं बघा! अजून हिरवीगार."

सरांनी ओंबीखालचं पान खुडलं, चिमटीत चुरगाळलं. बोटं हिरवी झाली. ती त्यांनी तिच्यासमोर धरली.

"हे कुठे असायला हवं होतं?"

उत्तराची वाट न बघता ते कडेच्या ओळीकडे वळले.

"ती राहू द्या सर. परवापरवापर्यंत बाकीच्यांसारखीच हिरवी होती. मग एकदम वाळली. रोग असेल, म्हणून तपासलीच नाही."

सरांनी तिथलंही पान खुडलं. हातात नुसता भुगा. तो त्यांनी फुंकून टाकला. मग एक ओंबी तळव्यांत चोळली, कोंडा उडवला. दाणे टपोरे होते, कडक, मधासारख्या रंगाचे.

चार त्यांनी तोंडात टाकले. उरलेले तिच्या हातावर ठेवले.

दोघं चावत राहिले. पीठ विरघळून गेलं. मागे प्रथिनांचा चिवट गोळा उरला, खळ्यावर बसून लहानपणी चघळायचे तसा. सुलक्षणाने तो जिभेवर घोळवला. कित्येक वर्षं तिने गहू नुसता मोजला होता, तोंडात टाकला नव्हता.

त्या वाळलेल्या पानातलं सगळं दाण्यात उतरलं होतं. तिचे डोळे भरून आले.

"नांगर उद्याच येणार ना?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

त्या कडेच्या ओळीतून पुढे वाण निघालं. पोती भरली, पोळीतही दम आला. ते बघायला सर नव्हते.

दर फाल्गुनात सुलक्षणा त्या वाफ्याशी थांबते. त्या सकाळी फाटकापर्यंत सोडायला गेली असताना तिने विचारलं होतं, "इतकी वर्षं मी काय बघायला हवं होतं, सर?"

सर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले होते.

"असेपर्यंत हिरवं असावं," ते म्हणाले. "जाताना पानात काही ठेवू नये."