टिंगीचं डबकं आटलं

समुद्राजवळ शेवंतीकाकीचं घर होतं. घराला अंगण. अंगणाच्या कोपऱ्यात एक डबकं.
आणि डबक्यात कोण?
टिंगी!
टिंगी म्हणजे बेडकी. एवढीशी. चिंचोक्याएवढी.

पावसाळा संपला. ऊन तापलं. रणरण रणरण. डबक्यातलं पाणी कमी झालं. आणखी कमी झालं.
एक दिवस टिंगीने डबक्यात उडी मारली. डुबुक् वाजलंच नाही. वाजलं थप्प!
खाली नुसता चिखल.
"अगो बाई! माझं पाणी कुठे गेलं?"
टिंगीची पाठ कोरडी झाली. पाय खरखरीत झाले. पाणी हवं, लवकर हवं!

पडवीत रेडिओ बोलत होता. "ऐका या आठवड्याचं हवामान. किनाऱ्यावर ऊन राहील. उकाडा राहील. संध्याकाळी कुठे कुठे सरी पडतील."
"कुठे कुठे म्हणजे कुठे?" टिंगीने विचारलं.
रेडिओ गाणं म्हणायला लागला.
"शी बाई! काय हा वैताग!" टिंगी म्हणाली. आणि निघाली.
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

डोंगरावर ढग बसला होता. काळा, गुबगुबीत. पोट पाण्याने टम्म.

"ढगोबा, ढगोबा, पाऊस पाड.
पाऊस पडला की डबकं भरेल!"

ढग म्हणाला, "गुडगुड! मी नाही पाडणार. काकीच्या अंगणात भात वाळतंय. नुकतंच शेतातून आणलंय. ते भिजलं तर काकी रडेल. आधी भात आत जाऊ दे."
"शी बाई! काय हा वैताग!"
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

शेवंतीकाकी अंगणात भात पसरत होती. सर्र सर्र, सर्र सर्र.

"काकी, काकी, भात आत ने.
भात आत गेलं की पाऊस पडेल,
पाऊस पडला की डबकं भरेल!"

काकी म्हणाली, "काय गो बाये! भात ठेवू कशात? माझ्या डोक्यावर? भाताची मोठी टोपली असते ना, कणगी? तिला उंदराने हे एवढं भोक पाडलंय. जा, लवूतात्यांना सांग. नवी कणगी विणा म्हणावं."
"शी बाई! काय हा वैताग!"
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

लवूतात्या दारात बसले होते. टोपल्या विणणारे तात्या. आज हात रिकामे.

"तात्या, तात्या, कणगी विणा.
कणगी झाली की भात आत जाईल,
भात आत गेलं की पाऊस पडेल,
पाऊस पडला की डबकं भरेल!"

तात्या म्हणाले, "विणू कशाने? माझ्या मिशीने? बांबू तोडून ठेवलाय रानात. मला म्हाताऱ्याला ओढवत नाही. बैलाला सांग जा."
"शी बाई! काय हा वैताग!"
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बैल गोठ्याबाहेर बसला होता. शेपटी हलवत होता. फट् फट्, फट् फट्.

"बैलदादा, बैलदादा, बांबू आण.
बांबू आला की कणगी होईल,
कणगी झाली की भात आत जाईल,
भात आत गेलं की पाऊस पडेल,
पाऊस पडला की डबकं भरेल!"

बैल म्हणाला, "हम्मा! मी नाही उठणार. पाठीवर माशाच माशा. चावून चावून जीव नकोसा केलाय. बगळ्याला सांग. माशा टिप म्हणावं."
"शी बाई! काय हा वैताग!"
टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बगळा माडावर बसला होता. पंख पसरून, चोच उघडून. हाऽ हूऽ, हाऽ हूऽ.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ, माशा टिप.
माशा गेल्या की बैल उठेल,
बैल उठला की बांबू येईल,
बांबू आला की कणगी होईल,
कणगी झाली की भात आत जाईल,
भात आत गेलं की पाऊस पडेल,
पाऊस पडला की डबकं भरेल!"

बगळा म्हणाला, "हाऽ हूऽ! किती हे उकडतंय! मी नाही उतरणार. आधी वारा सुटू दे."
"शी बाई! शी बाई! शी बाई!"
टुणुक. टुणुक. टिंगी आता दमली होती.

वारा कुठे होता? समुद्रावर. होडीच्या सावलीत. गाढ झोपला होता. घुर्र फूऽ, घुर्र फूऽ.

"वारोबा, वारोबा, ऊठ ना रे.
वारा सुटला की बगळा उतरेल,
बगळा उतरला की माशा जातील,
माशा गेल्या की बैल उठेल,
बैल उठला की बांबू येईल,
बांबू आला की कणगी होईल,
कणगी झाली की भात आत जाईल,
भात आत गेलं की पाऊस पडेल,
पाऊस पडला की डबकं भरेल!"

वाऱ्याने कूस बदलली. "उद्या ये गं. नाहीतर परवा."

परवा?
टिंगी लाल झाली. "ढग म्हणतो भात! काकी म्हणते कणगी! तात्या म्हणतात बांबू! बैल म्हणतो माशा! बगळा म्हणतो वारा! आणि तू म्हणतोस परवा? परवापर्यंत माझी सुकट होईल, सुकट!"

टिंगीने गाल फुगवले. गळा फुगवला. पोट फुगवलं. आणि...

डराँऽऽऽऽव!

होडी हलली. खेकडे बिळात पळाले. वारा धडपडून उठला.
"कोण ओरडलं? हत्ती आला का?"
"मी ओरडले!"
"तू? एवढीशी?"
"हो, मी! वाहा आता!"

वारा सुटला. सूंऽऽ सूंऽऽ!
बगळा उतरला. भर्र!
बगळ्याने माशा टिपल्या. टिप् टिप् टिप्!
बैल उठला. हम्मा!
बैलाने बांबू ओढून आणला. खर्र खर्र!
तात्यांनी कणगी विणली. वर खाली, वर खाली!
काकीने भात भरलं. "तात्या, बघत काय बसलात? धरा की जरा!" मग दोघांनी भरलं. शेवटचं सूपसुद्धा आत गेलं.

काकीने दार लावलं. ढगाने खाली बघितलं. अंगणात एक दाणासुद्धा नाही.
"गुडगुड! आता पडतो हं!"

टप.
टप टप.
टप टप टप टप धोऽऽऽ!

डबकं भरलं. काठोकाठ भरलं.
टिंगीने उडी मारली.
डुबुक्!

आहाहा! पाय मऊ झाले. पाठ गार झाली. पाणी नाकापर्यंत. डोळे तेवढे वर.

काकीने खिडकीतून हाक मारली. "टिंगे, मिळालं गो पाणी?"
तात्यांनी विचारलं, "टिंगे, पुरलं का?"
गोठ्यातून बैलाने विचारलं, "टिंगे, गार आहे का?"

"आता मला कोणी काही विचारू नका!" टिंगी म्हणाली.
आणि तिने पाण्यात बुडी मारली.
बुड् बुड् बुड्.